आत्या आणि छापलेली वाटी

आमच्या आत्याने आयुष्यात कधी ‘असेल बुवा’ म्हटल्याचं महाडमध्ये कुणाला आठवत नाही. तिचं माहेर, म्हणजे माझं घर, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आहे. तिथल्या जुन्या माणसांना विचारून पाहिलं, तर त्यांनाही आठवत नाही. आत्याकडे ‘हाय’ आहे, ‘नाय’ आहे, आणि या दोहोंच्या मध्ये ‘थांब, मोजते’ आहे. इतर बायका कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचतात, तिथे आत्या व्हर्नियर खोचते. धातूचा तुकडा या मापपट्टीच्या दोन जबड्यांत धरला की त्याची जाडी केसाइतक्या बारकाव्याने कळते, आणि आत्याला जगातली कुठलीही वस्तू तशी कळल्याशिवाय चैन पडत नाही. बाजारात भेंडी घेताना तिने व्हर्नियर काढलेला मी पाहिलेला आहे. माझ्या साखरपुड्यात, भटजी मंत्र म्हणत असताना, आत्याने तबकातली अंगठी उचलली, उभी धरून मोजली, आडवी धरून मोजली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, “ही गोल नाय. लंबगोल हाय.” सासरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. सोनार बिचारा जेवायला आलेला होता, तो पंगतीतून उठला. ती अंगठी आजही माझ्या बोटात आहे आणि ती लंबगोल आहे, हे मला मान्य करावं लागतं. पण ते त्याच दिवशी कळायलाच हवं होतं का, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

आत्याचं लेथचं, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्राचं, वर्कशॉप महाडच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक अरुंद बोळ. भिंतीवर निरनिराळ्या पुरांच्या पाण्याच्या रेघा आहेत आणि आत्या त्यांच्याकडे हरलेल्या पैलवानांचे फोटो बघावेत तशी बघते. खरं तर लेथ आणला होता काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी. ते मुंबईला एका कारखान्यात टर्नर होते. कारखाना बंद पडला तेव्हा तिथला एक जुना लेथ ट्रकवर घालून ते गावी आले. आत्या त्यांना डबा घेऊन दुकानात यायची. एक दिवस डबा ठेवून ती उभी राहिली, काका लेथच्या कापणाऱ्या टूलला धार लावत होते ते तिने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “विळ्याला अशी धार लावलीत तर पालापण कापायचा नाय. सरका.” काका सरकले. ते जे सरकले ते सरकलेच. पुढे काही वर्षांत अशी वाटणी ठरून गेली की लेथवर आत्या आणि चुलीपाशी काका. काकांचा हात हलका. लोखंडाला तो कमी पडायचा, पण घावनाला असा लागला की आळीतल्या बायका त्यांच्याकडून पीठ किती सैल ठेवायचं ते विचारून जात. दिवसातून जेव्हा जेव्हा आत्याच्या मशीनचा आवाज बदले, तेव्हा तेव्हा काका बोळातून चहाचा कप घेऊन येत. आत्या बघतही नसे. नुसता हात मागे करायचा, त्यात कप यायचा.

वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांत आम्लांचे पंप असतात. ते आम्ल साध्या स्टीलचा दांडा साखरेसारखा विरघळवून टाकतं, म्हणून तिथे टायटॅनियम वापरतात. मी अशाच एका कारखान्यात देखभाल खात्यात आहे, त्यामुळे हे मला ठाऊक. टायटॅनियम हलकं, पोलादाच्या तोडीचं बळकट, गंज म्हणून खात नाही. सगळे गुण. दोष एवढाच की लेथवर ते माणसाचा अंत पाहतं. कापताना तयार होणारी उष्णता धातूतून निघून जात नाही, टूलच्या टोकाशीच बसून राहते आणि टोक खलास होतं. घाबरून हात थांबवला, तर टूल नुसतं घासतं आणि धातू तिथल्या तिथे आणखी कडक होऊन बसतो. जोरात घेतलं, तर निघणारा बारीक कीस पेट घेतो. म्हणून आत्याच्या लेथशेजारी वाळूची बादली असते. “दूध तापायला ठेवल्यासारखं हाय ते,” आत्या सांगते. “नजर हलली की गेलं.” महाडातले बाकीचे लेथवाले टायटॅनियमचं नाव काढलं की लग्नाला जायचंय म्हणून सांगतात. आत्या तेवढ्याचीच वाट बघत असते. अवघड धातू आणि अवघड माणूस यांच्याशी तिचं पहिल्यापासून जमतं. सरळ माणसाशी काय बोलायचं हे तिला कळत नाही.

या धातूवरून आत्याने एक जीवनविषयक सिद्धांतही बांधलेला आहे. तिच्याकडे येणारा टायटॅनियमचा बार, म्हणजे जाड सळई, भट्टीत लाल करून, घणाखाली ठोकून, ओढून घडवलेला असतो. त्या ठोकण्याने धातूच्या आतल्या कणांना वळण लागतं, असं ती म्हणते, आणि ते शास्त्राला धरूनच आहे. पण आत्या तिथे थांबत नाही. “मार खाल्ल्याशिवाय वळण नाय,” असं म्हणून ती हा नियम धातूवरून भाच्यांवर आणते. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे राहायला गेलो की तिने आम्हाला शास्त्रोक्त पद्धतीने घडवलेलं आहे. त्यामुळे धातूचे भाग हल्ली छापून काढतात, हे मी तिला सांगितलं तेव्हा काय होणार याची मला कल्पना असायला हवी होती. टायटॅनियमची पूड पातळ थर देऊन पसरायची, हवी तिथेच लेझरने वितळवायची, वर पुन्हा थर, पुन्हा लेझर, असं करत करत आख्खा पार्ट उभा राहतो. एवढं ऐकून घेऊन आत्या म्हणाली, “म्हणजे रांगोळी घालतात.” मी म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, “पूड पसरतात ना? मग रांगोळीच. तिच्यावरून कोंबडी गेली की संपलं.” त्या दिवसापासून छापलेल्या धातूला आमच्या घरात रांगोळी हेच नाव आहे.

पुढे आमच्या कारखान्यात खरोखरच पंपाचा एक छापलेला पंखा चाचणीसाठी आला. तो घेऊन आलेला पुण्याचा इंजिनियर तरुण होता, हुशार होता, आणि त्याचा स्वभाव इतका शांत होता की पुढे काय वाढून ठेवलंय या विचाराने मलाच त्याची दया आली. छापून आलेला भाग बाहेरून खरखरीत असतो आणि मापाला थोडा जास्तच ठेवलेला असतो. जिथे दांडा बसतो ते भोक शेवटी लेथवरच नेमक्या मापाला आणावं लागतं. आणि जवळपास टायटॅनियमला हात घालणारी एकच आत्या. पंखा तिच्या टेबलावर ठेवला तेव्हा तिचा चेहरा दिवाळीसारखा झाला. “एवढा लेझर, एवढा कंप्युटर, आणि शेवटाला पोटात भोक पाडायला माझ्याकडंच!” तिने काम सुरू केलं. टूल नेहमीपेक्षा लवकर बोथट झालं, तशी ती पुटपुटली, “कडक हाय. माझ्या बारापेक्षा कडक हाय मेला.” इंजिनियर अदबीने म्हणाला, “हो काकू. ओढून पाहिलं तर ताकद घडवलेल्यापेक्षा जास्तच भरते.” आत्याने लेथ बंद केला. “ओढून कोण बघतो? पंखा फिरतो. दिवसरात हिसके खातो. तिथं तुझी रांगोळी एक दिवस न सांगता फुटंल.” तो म्हणाला, “अगदी बरोबर. खरखरीत पृष्ठभागावरून आणि आतल्या बारीक पोकळ्यांवरूनच चिरा सुरू होतात. म्हणून तर तो गुळगुळीत करायला तुमच्याकडे आणला.” आत्याची एवढी निराशा मी कधी पाहिली नव्हती. मुठी वळून आखाड्यात उतरावं आणि समोरच्याने नमस्कार करावा, तसं झालं. तो पंखा आमच्याकडे अजून बिनतक्रार फिरतो आहे. मी तसं सांगितलं की आत्या म्हणते, “फिरणारच. भोक कुणी पाडलंय?”

मग शिमगा आला. काकांचं गाव वरंधकडचं. तिथे शिमग्याला पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात आणि वर्षभर चिमणीएवढ्या आवाजात बोलणारे काका त्या एका दिवशी वाघ होतात. त्यांचा एक खुबा आधीच झिजलेला होता आणि डॉक्टरांनी उड्या मारायला मनाई केलेली होती. काकांनी उडी मारली. पालखीला काही झालं नाही, ती शेजारच्याने सावरली. काकांना मात्र घोंगडीत घालून खाली आणावं लागलं. खुब्याच्या हाडाची वाटी, ज्यात मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो ती, तडकली होती. महाडच्या डॉक्टरांनी पुण्याला न्या म्हणून सांगितलं. वरंध घाटातून आम्ही त्यांना गाडीने नेलं तेव्हा प्रत्येक वळणावर काका कळवळत होते आणि आत्या ड्रायव्हरला स्टिअरिंग किती फिरवायचं ते सांगत होती.

पुण्यातल्या डॉक्टर बाई वयाने माझ्याहून लहान, आवाज गोड. त्यांनी एक्स-रे लावून दाखवला आणि सांगितलं, सूज उतरली की वाटी बदलावी लागेल, टायटॅनियमची बसवू. टायटॅनियम म्हटल्यावर आत्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. “चांगलं हाय ते. आम्लात टिकतं तर ह्यांच्यात का नाय टिकणार? घडवलेल्या बारातून काढलीय ना?” डॉक्टर म्हणाल्या, “नाही काकू, छापलेली.” मी खिडकीबाहेर बघू लागलो. आत्या उठून उभी राहिली. “रांगोळी माझ्या नवऱ्याच्या अंगात जाणार नाय.” डॉक्टरांनी मेजावरचा एक नमुना तिच्या हातात दिला. अर्ध्या नारळाच्या करवंटीएवढा, आतून आरशासारखा गुळगुळीत, बाहेरून मात्र प्रवाळासारखा खडबडीत, बारीक भोकाभोकांचा. आत्याने त्यावरून बोट फिरवलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फक्त एकदाच, मी भात जाळला होता तेव्हा, पाहिलेलं होतं. “हे असं? हे फिनिशिंग? बाय गो, हे असं काम मी शेताच्या पंपालापण देत नाय.” डॉक्टर काही सांगायला लागल्या तोवर तिने विचारलं, “घरी नेऊ का? माझ्या मशीनवर बघते.” डॉक्टर हसल्या. नमुनाच तो, पुढच्या खेपेला आणा म्हणाल्या. त्या बिचारीला माहीत नव्हतं की आमच्या आत्याच्या बोलीत ‘बघते’ म्हणजे काय.

महाडला परतल्यावर काका मागच्या खोलीत खाटेवर आणि आत्या पुढे लेथवर. मी संध्याकाळी गेलो तेव्हा तिने आधी ती वाटी हाताच्या दाबयंत्राखाली घालून पाहिली होती. पुरता जोर लावूनही ती दबली नव्हती, आणि त्यामुळे आत्या चिडलेली होती. मग तिने वाटी आतून घट्ट धरील अशी खास पकड बनवली, ती लेथला लावली आणि बाहेरचा सगळा खडबडीत थर उतरवायला घेतला. लेथवर गोलाकार कापायचं म्हणजे यंत्राची दोन्ही चाकं दोन हातांनी एकाच वेळी, पण वेगवेगळ्या गतीने फिरवावी लागतात. एका हाताने पोळी लाटत दुसऱ्याने नवार विणण्यासारखं आहे ते. आत्याने ते केलं. टूल सारखं बोथट होत होतं, तिच्या कपाळावर घाम होता. एकदा कीस पेटला, त्यावर तिने नजर न हलवता पायाने बादली लवंडून वाळू टाकली. शेवटी पॉलिशचं कापड लावून तिने ती वाटी बाहेरून अशी केली की तिच्यात माझं तोंड दिसत होतं. “आता बघ,” ती म्हणाली. “आता कुठनं चीर सुरू होईल सांग. अशी बसवत असतील तर बसवू दे.” मागून काकांनी आवाज दिला, “झालं काय गो?” आत्या ओरडली, “झालं! तुमच्यासाठीच करतेय!”

पुढच्या खेपेला तिने ती वाटी पदराने पुसून डॉक्टरांच्या मेजावर ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. डॉक्टरांनी वाटी उचलली, उजेडात धरून फिरवली. मग म्हणाल्या, “काकू, किती सुरेख काम केलंयत. खरंच. पण तुम्ही नेमकं तेच काढून टाकलंत, ज्याच्यासाठी ही छापतात.” मग त्यांनी समजावून सांगितलं. ही वाटी हाडात ठोकून बसवतात, पण ती तिथे राहते ती ठोकल्यामुळे नाही. बाहेरच्या त्या भोकांत हळूहळू हाड वाढतं, शिरतं, रुजतं, आणि मग वाटी आणि माणूस एक होतात. गुळगुळीत वाटीत हाड शिरायला जागाच नसते. ती काही दिवसांनी हलायला लागते. बारातून कापून अशी भोकं पाडता येत नाहीत, आणि वाटीला पंपाच्या दांड्यासारखं एकटीला हिसके खायचे नसतात, भोवती हाड असतं. “आतली बाजू मात्र लेथवरच फिरवलेली असते,” त्या शेवटी म्हणाल्या. माझी खात्री आहे, ते त्यांनी केवळ दयेपोटी सांगितलं.

आत्या वाद घालील म्हणून मी वाट पाहिली. तिने वाटीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “रुजलं, हे तुम्हाला कळणार कसं?” डॉक्टर म्हणाल्या, “एक्स-रेत अंदाज येतो. बाकी काका न दुखता चालायला लागले की समजायचं.” “उघडून बघता येत नाय?” “नाही काकू. उघडायची वेळ येऊ नये, हीच तर इच्छा.” परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत आत्याने ड्रायव्हरला एकही वळण सांगितलं नाही. तिला हरल्याचं दुःख नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. हरणं तिला ठाऊकच नाही, दुःख कुठलं होणार? तिचं दुखणं वेगळं होतं. लेथवरून उतरलेला एकही तुकडा तिने आजवर न मोजता दुकानाबाहेर जाऊ दिलेला नव्हता. आणि आता तिच्या घरातला सगळ्यांत मोलाचा तुकडा अशा ठिकाणी जाणार होता, जिथे तिचा व्हर्नियर पोचत नव्हता.

घरी आल्यावर ती काकांच्या खाटेपाशी बसली आणि म्हणाली, “तुम्ही बोला. तुमचं अंग हाय.” एवढ्या वर्षांत काकांना कुणी काही विचारलेलं नव्हतं, त्यामुळे ते गांगरले. मग म्हणाले, “मला काय पालखी नाचवायची नाय आता. मला चुलीपासनं तुझ्या मशीनपर्यंत येता आलं पायजे. हातात कप घेऊन. एवढंच जमंल का विचार त्या बाईला.” आत्या उठून दुकानात गेली आणि बंद लेथ उगाच फडक्याने पुसत बसली. तिचे डोळे भरलेले मला दिसले. मी ते इथे लिहिलं, हे तिला कळलं तर माझी धडगत नाही.

घाट पावसाने बंद व्हायच्या आत ऑपरेशन ठरलं. आत्याने एक अट घातली होती: वाटी आत जाण्यापूर्वी मला दाखवायची. डॉक्टरांनी शब्द पाळला, पण वाटी सीलबंद डब्यात होती आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेर तो उघडायची सोय नव्हती. आत्याने डबा दोन्ही हातांत घेतला. सवयीने कमरेचा व्हर्नियर निघाला, त्या डब्यावर आला, क्षणभर तिथेच थांबला. मग तिने तो परत कमरेला खोचला आणि डबा डॉक्टरांच्या हातात दिला. “न्या,” ती म्हणाली. लगेच मागून ओरडली, “आणि बाय, तिरकी बसवू नको!”

यंदाच्या दसऱ्याला मी तिच्याकडे गेलो होतो. लेथला झेंडूची माळ, पाटावर टूल, व्हर्नियर, आणि मधोमध ती आरशासारखी वाटी, हळदकुंकू लावलेली. डॉक्टरांनी ती तिलाच देऊन टाकली होती. आळीतल्या बायकांना आत्या सांगत होती की रांगोळी कितीही चांगली झाली तरी आतली बाजू लेथवरच फिरवावी लागते, म्हणून शेवटी खरं कोण, ते तुम्हीच ठरवा. बायका गेल्यावर ती स्टुलावर टेकली. मागे चुलीपाशी कपांचा आवाज आला. आत्याने बोलणं थांबवलं. बोळातून काकांची पावलं येत होती, एक जरा जड, एक हलकं, काठीशिवाय. ती पावलं ती कशी ऐकत होती म्हणून सांगू! नव्या मशीनचा आवाज ऐकावा तशी, मान एका बाजूला करून.

“ह्यांची हाडं सावडायला मी गेले, तर राखेतनं ती आतली वाटी माझ्या हातात येईल,” ती हळूच मला म्हणाली. “तेव्हाच कळायचं, हाडानं धरलंन की नाय. दुसरा काय उपाय नाय.” तिने मान जोरात हलवली. “नको. मीच ह्यांच्या पुढं जाते. न बघता.”

काका आले. तिने हात मागे केला, त्यात कप आला, दुसरा काकांनी मला दिला. “काय बोलत होतीस गो?” त्यांनी विचारलं. “साखर कमी हाय, बोलत होते.” काका हसत स्वतःचा कप आणायला पुन्हा बोळात वळले. ते दिसेनासे होईपर्यंत आत्या त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

“रुजलं असंल,” ती म्हणाली.

मी चहाचा घोट घेतला. साखर अगदी बरोबर होती.